परसातील मत्स्य-भाजीपाला: आधी पाणी तयार करा, मग मासे सोडा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मासे आणि भाजीपाला एकाच फिरत्या पाण्यावर वाढवण्याची अ‍ॅक्वापोनिक्स ही पद्धत अलीकडे शेतीविषयक लेखांतून, प्रदर्शनांतून आणि प्रशिक्षण वर्गांच्या जाहिरातींतून वारंवार समोर येते आहे. त्यातील बहुतेक मजकूर हरितगृह, लाखांची गुंतवणूक आणि त्याहून मोठ्या नफ्याविषयी असतो. ज्यांच्या घरामागे दहा बाय दहा फुटांचा परस आहे, हाताशी पाच-सात हजार रुपये आहेत आणि ज्यांना घरापुरती पालेभाजी व थोडी मासळी एवढीच अपेक्षा आहे, त्यांच्यासाठी मात्र कोणी फारसे लिहीत नाही. माझ्या परसात अशी एक छोटी मांडणी चालू आहे आणि ती पाहायला येणारे लोक जवळजवळ सारखेच प्रश्न विचारतात. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सांगण्यासारखी मुख्य गोष्ट एकच आहे. ही पद्धत स्वस्तात उभी राहते, परंतु घाईत उभी राहत नाही. नवीन माणूस टाकी आणतो, पंप जोडतो आणि त्याच संध्याकाळी बोटुकल्या (बोटाएवढी माशांची पिले) आणून सोडतो. पुढल्या आठ-दहा दिवसांत मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि मरतात. मग तो बीज विकणाऱ्याला किंवा खाद्याला दोष देतो. खरे कारण बहुधा पाण्यात असते. मासे कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर टाकतात, न खाल्लेले खाद्य कुजूनही तोच तयार होतो आणि अल्प प्रमाणातही तो माशांना मारक ठरतो. टाकीतील पाणी पंपाने भाजीच्या ज्या वाफ्यातून फिरते, त्यातील खडीवर जिवाणूंचा थर जमला की त्यांपैकी काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. यांपैकी नायट्राइट हादेखील माशांना घातक असतो, कारण तो रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घालवतो. नायट्रेट मात्र मासे बऱ्याच प्रमाणात सहन करतात आणि झाडांना तर तो खत म्हणून हवाच असतो. हे जिवाणू सावकाश वाढतात; त्यांचा पुरेसा थर जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि थंडीत त्याहून अधिक. हा काळ टाकीत मासा नसतानाच जाऊ द्यावा, एवढे एक पथ्य पाळले तरी नवशिक्यांचे बरेचसे नुकसान टळेल, असे माझे ठाम मत आहे.

मासे नसताना जिवाणूंना खायला काय द्यायचे, हा पुढचा प्रश्न येतो आणि इथे आपल्याकडे एक खास अडचण आहे. परदेशी माहितीत वाचून काही जण पाण्यात चिमूटभर युरिया टाकतात. तर्क बरोबर आहे, कारण युरियापासून अमोनिया तयार होतो. परंतु 2015 पासून आपल्या देशात बनणाऱ्या सर्व युरियाला निंबोळी तेलाचे आवरण सक्तीचे झाले आहे आणि त्या आवरणाचा हेतूच मुळी जमिनीत अमोनियाचे नायट्रेट होण्याचा वेग कमी करणे हा आहे. शेतात जे गुणकारी आहे तेच इथे आपल्या कामाच्या नेमके आड येते. शिवाय निंबोळीचा अंश माशांच्या पाण्यात नकोच. त्यापेक्षा माशांचेच खाद्य बारीक करून, पाचशे लिटर पाण्याला तीसएक ग्रॅम या हिशेबाने टाकावे, ते कुजू द्यावे आणि नंतर दर दोन-तीन दिवसांनी थोडे थोडे घालत राहावे. वास येईल, पाणी गढूळ दिसेल, पण त्याची काळजी करू नये. ओळखीत कोणाकडे जुनी, निरोगी माशांची काचपेटी असेल, तर तिच्या गाळणीतील स्पंजाचा पिळलेला गाळ आणून खडीवर ओतल्यास जिवाणूंची वाढ लवकर सुरू होते. शेणाची स्लरी किंवा जीवामृत घालण्याचा मोह अनेकांना होतो. जमिनीत त्यांचे स्थान निराळे आहे. इथे मात्र तेच पाणी कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर व पुदिना यांच्या मुळाशी फिरणार असल्यामुळे, गुरांच्या आतड्यातील रोगजंतू त्यात येऊ देणे मला धोक्याचे वाटते.

पाणी तयार झाले की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. शोभिवंत माशांच्या दुकानात अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते) तपासण्याचे थेंबांचे संच मिळतात. लोक ज्या वस्तूवर पैसे वाचवतात ती नेमकी हीच असते, आणि माझ्या मते ज्या वस्तूवर मुळीच वाचवू नयेत तीही हीच. आधी अमोनिया वाढतो, मग तो उतरत असताना नायट्राइट वाढतो आणि शेवटी नायट्राइट उतरून नायट्रेट दिसू लागतो. थोडे जास्त खाद्य कुजवूनसुद्धा अमोनिया व नायट्राइट दोन्ही एका दिवसात शून्यावर येऊ लागले की मासे सोडण्याची वेळ आली असे समजावे.

दख्खनच्या पठारावर बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते, त्यामुळे सामूविषयी थोडे सविस्तर लिहिणे गरजेचे आहे. माशांना, जिवाणूंना आणि झाडांना एकत्र मानवेल असा सामू 7 च्या आसपास असतो. आमच्या भागात बोअरच्या पाण्याचा सामू 8 किंवा त्याहूनही जास्त भरतो. याचे दोन परिणाम होतात. पहिला म्हणजे अमोनियाचे विष चढते. तीस अंश तापमानाच्या पाण्यात सामू 7 असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. सामू 8 झाला की तोच भाग सात-आठ टक्क्यांवर जातो. म्हणजे शेजारच्या गावी ज्या पाण्यात मासे तगले त्याच अमोनियाच्या पातळीला आपल्याकडे ते मरू शकतात, यात गूढ असे काही नाही. दुसरा परिणाम झाडांवर होतो: चढ्या सामूत लोह झाडाला उचलता येत नाही, त्यामुळे कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह (झाडाला उचलता येईल अशा रूपातील लोह) आणताना ते ईडीटीए स्वरूपाचे आहे की ईडीडीएचए स्वरूपाचे, हे विचारून घ्यावे. पहिले स्वस्त असते, पण चढ्या सामूत फारसे टिकत नाही. दुसऱ्याने पाणी तांबूस होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. सर्वांत स्वस्त उपाय मात्र आभाळातून येतो. पावसाळ्यात पहिल्या एक-दोन सरींनी छप्पर धुऊन निघाल्यावर पागोळ्यांचे पाणी पिंपांत साठवून ठेवावे आणि बोअरच्या पाण्यात मिसळावे. पुढे जिवाणूंच्या कामामुळे सामू आपोआप हळूहळू उतरत जातो. तो साडेसहाच्या खाली जाऊ लागला की खायचा चुना बादलीभर पाण्यात कालवून, निवळी थोडी थोडी अशी अनेक दिवसांत विभागून घालावी. एकाच दिवशी सामू एकदम चढवणे हे माशांना मूळच्या आम्लतेपेक्षा जास्त बाधते. नळाचे पाणी वापरणाऱ्यांनी ते उघड्या भांड्यात किमान एक दिवस ठेवून मगच घालावे, कारण क्लोरीन माशांनाही मारतो आणि ज्यांच्यासाठी आपण सहा आठवडे थांबलो त्या जिवाणूंनाही.

आता मांडणीविषयी. माझ्या अनुभवात नवीन माणसाला झेपणारी आणि खिशाला परवडणारी रचना म्हणजे पाचशे लिटरची पाण्याची एक टाकी आणि दोनशे लिटरचे एक निळे प्लॅस्टिकचे पिंप. पिंप उभे चिरून त्याचे दोन भाग केले की दोन वाफे मिळतात. प्रत्येकाचे पृष्ठफळ साधारण अर्धा चौरस मीटर आणि मध्यभागी खोली जवळपास एक फूट. भंगारातील पिंप घेताना त्यात पूर्वी काय होते हे विचारल्याशिवाय घेऊ नये. खाद्यतेल किंवा फळांचा रस भरलेले पिंप चालते. कीटकनाशक किंवा रंगाचे रसायन भरलेले कितीही धुतले तरी चालत नाही. टाकीला किंवा नळीला जस्ताचा पत्रा, तांबे अथवा पितळ लावू नये, कारण या धातूंचा अंश पाण्यात उतरून माशांना मारतो. त्याच कारणाने मोरचूद (तांब्याचा क्षार) घातलेले कोणतेही बुरशीनाशक वाफ्याच्या आसपास फवारू नये. खरे तर या मांडणीजवळ कोणतीच फवारणी करू नये. मावा आला तर पाने हाताने धुवावीत किंवा पाणी जोराने मारून तो खाली पाडावा.

वाफ्यात घालायला महागडे मातीचे गोळे विकत आणण्याची काही गरज नाही. आपल्या महाराष्ट्राला काळ्या बेसाल्टची खडी मुबलक मिळाली आहे आणि ती या कामाला उत्तम आहे, कारण ती पाण्यात विरघळून सामू चढवत नाही. पाव ते पाऊण इंचाची खडी घ्यावी आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावी. खाणीची भुकटी राहिली तर ती खालच्या भोकांत बसते. खडी कुठली आहे याची खात्री नसेल तर एक खडा व्हिनेगरमध्ये टाकून पाहावा. बुडबुडे आले तर तो चुनखडीचा आहे आणि आधीच जड असलेल्या पाण्यात तो नकोच. दोन्ही वाफ्यांना मिळून पावणेतीनशे किलोंच्या आसपास खडी लागते. हा आकडा गच्चीवर मांडणी करू पाहणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावा: टाकीतील पाणी अर्धा टन, त्यात खडी आणि खडीतील पाणी मिळवले की भार आठशे किलोंच्या वर जातो आणि तो थोड्याच जागेत एकवटलेला असतो. जुन्या घराच्या स्लॅबवर अभियंत्याला विचारल्याशिवाय हे करू नये. जमिनीवर, सपाट केलेल्या मातीवर आणि विटांच्या भक्कम आधारावर मांडणे केव्हाही बरे.

वाफा आपोआप भरून रिकामा करणाऱ्या घंटेच्या आकाराच्या सायफनचे सर्वांना फार आकर्षण असते. तो चालतो तेव्हा बघायला सुंदर असतो, पण नवशिक्याचे अर्धे दिवस तो जुळवण्यात जातात. त्याऐवजी वाफ्यात उभा पीव्हीसी पाईप बसवावा, त्याच्या तळाशी दोन बारीक भोके पाडावीत, भोवती जाळीदार रुंद पाईप उभा करून खडी दूर ठेवावी आणि पंपाला साधा टायमर लावून तो दर तासाला पंधरा मिनिटे चालवावा. पंप चालू असताना पाणी उभ्या पाईपच्या तोंडापर्यंत चढते आणि जादा पाणी टाकीत परतते. पंप थांबला की भोकांतून वाफा निथळतो आणि मुळांना हवा मिळते. पाईपचे तोंड खडीच्या पृष्ठभागापेक्षा दीड-दोन इंच खाली ठेवले तर वरची खडी कोरडी राहते, तिथे शेवाळ धरत नाही आणि डासांनाही अंडी घालायला उघडे पाणी मिळत नाही. चाळीस वॅटचा पंप अशा रीतीने आणि पाच वॅटचा हवापंप अखंड चालवला तर महिन्याला अकरा युनिटांच्या आसपास वीज लागते. विजेच्या खर्चापेक्षा वीज जाण्याचीच चिंता आपल्याकडे अधिक आहे. उन्हाळ्यात पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, तर तीस अंशांना साडेसातच. त्यात रात्री चार तास वीज गेली की दाटीने ठेवलेले मासे गुदमरतात. बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप घरात असावा, टाकीवर हिरवी जाळी असावी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मासे कमीच ठेवावेत.

किती ठेवावेत याचा हिशेब टाकीवरून न करता वाफ्यावरून करावा, हे मला पटलेले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने छोट्या मांडणीसाठी दिलेल्या मार्गदर्शनानुसार पालेभाजीच्या एका चौरस मीटरला दिवसाला 40 ते 50 ग्रॅम माशांचे खाद्य पुरते. वाढलेले मासे आपल्या वजनाच्या दीड-दोन टक्के खातात असे धरले, तर वर सांगितलेल्या दोन वाफ्यांना दोन ते अडीच किलो मासे पुरे होतात. म्हणजे शंभर-शंभर ग्रॅमचे वीस-पंचवीस. पाचशे लिटरमध्ये ही दाटी फारच विरळ आहे आणि ती तशीच असावी. बोटुकल्या लहान असताना तर त्या दिवसाला जेमतेम आठ-दहा ग्रॅम खातात, त्यामुळे पहिले दोन-तीन महिने एकाच वाफ्यात लागवड करावी. खाद्य तरंगते घ्यावे आणि दहा मिनिटांत जेवढे संपेल तेवढेच द्यावे. पहिल्या वर्षी तीन-चार किलोंहून अधिक मासळीची अपेक्षा ठेवू नये. भाजी मात्र घराला पुरून शेजारीही देता येते.

माशांच्या निवडीत नवशिक्याने सायप्रिनस (कॉमन कार्प) घ्यावा. तो काटक आहे, गोळी खाद्य लवकर स्वीकारतो आणि आमच्याकडची डिसेंबर-जानेवारीची थंडीही काढतो. फक्त त्या दिवसांत त्याचे खाद्य निम्म्याहून कमी करावे लागते. रोहू आणि कटला हे तळ्याचे मासे आहेत, छोट्या टाकीत त्यांचा जीव रमत नाही. शाकाहारी कुटुंबांनी गोल्डफिश किंवा कोई ठेवावेत. भाजीला त्यांचा उपयोग तितकाच होतो. चिलापी सर्वांत सोपी, असे कोणीही सांगेल आणि ते खोटे नाही. परंतु तिच्या संवर्धनाला शासनाची परवानगी लागते. 1952 साली आपल्या देशात आणलेल्या मोझांबिक चिलापीने आणि तिच्या भाईबंदांनी कितीतरी जलाशय व्यापले. भिगवणच्या बाजारात उजनी धरणातील चिलापीचे ढीग पाहिले की हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. थाई मागूर या नावाने मिळणाऱ्या आफ्रिकी माशावर तर बंदीच आहे, तरी त्याचे बीज कमी भावात देऊ करणारे भेटतात. ते घेऊ नये. आणि कोणताही मासा कंटाळा आला म्हणून विहिरीत, ओढ्यात किंवा नदीत सोडू नये. टाकीच्या सांडव्याला बारीक जाळी लावावी, म्हणजे मुसळधार पावसात टाकी भरून वाहिली तरी मासे ओढ्याला लागणार नाहीत. खंड्या, बगळे आणि मांजरे यांच्यासाठीही वरची जाळी लागतेच, आणि घरात लहान मुले असतील तर ती भक्कमच हवी.

झाडांविषयी थोडक्यात: पालक, पुदिना, अळू, तुळस, चुका यांनी सुरुवात करावी, टोमॅटो आणि मिरची सहा-आठ महिन्यांनंतर, पाण्यात नायट्रेट भरपूर दिसू लागल्यावर लावावी.

या निमित्ताने आपल्या वृत्तपत्रामार्फत दोन विनंत्या करतो. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे, तसेच नागपूर आणि उदगीर येथे मत्स्यविज्ञानाची शासकीय महाविद्यालये आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पुनर्चक्रित पाण्यावरील मत्स्यपालनाला अनुदान असून, त्यात महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींना ते साठ टक्क्यांपर्यंत मिळते. एवढी व्यवस्था असताना सामान्य माणसाला पाचशे लिटरची चालती मांडणी सहज पाहता येईल अशी जागा आमच्या भागात नाही, आणि मग तो हजारो रुपयांचे शुल्क भरून खासगी वर्गांना जातो, जिथे त्याला पाण्यापेक्षा नफ्याचे तक्तेच अधिक दाखवले जातात. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राच्या आवारात अशी एक साधी मांडणी कायम चालू असावी, आणि माती व सिंचनाच्या पाण्याप्रमाणेच माशांच्या टाकीतील पाण्याचा अमोनिया, नायट्राइट व सामू माफक शुल्कात तपासून मिळावा, ही पहिली विनंती. त्यासाठी लागणारा खर्च कोणत्याही केंद्राच्या आवाक्यातला आहे.

दुसरी विनंती आपल्याकडे. आपल्या कृषी पुरवणीत यशोगाथा छापताना मासे किती विकले यासोबतच पाणी कुठले होते, सामू किती होता, किती दिवस थांबून मासे सोडले आणि पहिल्या वर्षी किती मेले, हेही त्या शेतकऱ्याला विचारून छापावे. पावसाळ्यात मांडणी सुरू करू इच्छिणारे वाचक आपल्याकडे निश्चित असतील. त्यांनी आताच आपल्या बोअरचा सामू मोजून घ्यावा आणि पागोळ्यांखाली पिंपे लावून ठेवावीत.

आपला,
एक नियमित वाचक,
शिरूर, जि. पुणे